जिवंत रोपं ८० टक्के

पत्र असं आहे, थोडं आवरून:

‘सर, मी वनक्षेत्रपाल आहे. वय ३१. पहिली दोन वर्षं विदर्भात सागवानात काढली. सात महिन्यांपूर्वी रायगड जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका कांदळवन (खारफुटी) परिक्षेत्रात बदली झाली. हाताखाली दोन वनपाल, सात वनरक्षक, कंत्राटावरचे काही सुरक्षा जवान आणि हंगामाप्रमाणे मजूर. खाडी मला नवी. पहिल्याच आठवड्यात गुडघाभर चिखलात रुतले, पाय निघाला पण बूट आतच राहिला. त्यावर कचेरीत अजून हसतात.

माझे मोठे वनपाल ५४ वर्षांचे आहेत, इथलेच. सगळे त्यांना काका म्हणतात. तोंडावर “हो मॅडम” म्हणतात आणि करतात स्वतःला हवं तेच. माझ्या आधीच्या साहेबांच्या वेळचं २० हेक्टरचं रोपवन आहे. नोंदवहीत जिवंत रोपं ८० टक्के. मी दोनदा गेले, मला २५ टक्केही दिसली नाहीत. काकांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही भरतीला गेलात.” आता त्या आकड्याखाली माझी सही हवी आहे.

त्यात २६ जुलैचा कांदळवन दिवस आला. खाडीच्या तोंडाशी उघड्या चिखलावर पाहुण्यांच्या हस्ते ५००० रोपं लावायची असं वरून ठरलंय. गावात गेलं की शेतकरी अंगावर येतात, “आमची शेती बुडाली आणि तुमचं जंगल झालं.” वनरक्षक मुलं माझ्याच वयाची, पण मी आत आले की गप्प होतात. मी कडक व्हायला हवं का? की सगळ्यांना सांभाळून घ्यायला हवं?
– चिखलात रुतलेली’

ताई,

आधी बुटाचं. माझाही उजवा बूट एका खाडीत आहे, अजून असेल. खुबे (शिंपल्यातले जीव) काढायला जाणाऱ्या बायका चिखलातून कशा चालतात ते एकदा नीट बघा. त्या कुठेही थांबत नाहीत. पाय टेकला की लगेच उचलायचा, वजन एका जागी मुरू द्यायचं नाही. उंच रबरी बूट खाडीत निरुपयोगी, आत चिखल भरला की पाय निघता निघत नाही. जुने कॅनव्हासचे बूट घ्या, घोट्याभोवती सुतळी आवळून बांधा. अनवाणी मात्र जाऊ नका. कालवांच्या कवचानं तळपाय चिरला की पंधरा दिवस बरा होत नाही. हसणाऱ्यांना हसू द्या. ज्या साहेबाला माणसं हसतात त्याला ती अजून पूर्ण घाबरलेली नसतात, आणि तुमच्या पत्रात मला दिसलेली चांगली गोष्ट ही एवढीच.

बाकी पत्रभर भीती आहे. तुमची नव्हे, त्यांची. म्हणून कडक की मवाळ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. त्याच्या आधीचा प्रश्न आहे: तो ८० टक्के आकडा जन्माला कुठे आला?

रोपवनाचा आकडा जमिनीतून वर यावा अशी कागदावरची रीत आहे. वनरक्षक मोजतो, वनपाल तपासतो, वनक्षेत्रपाल पडताळतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा वरून खाली येतो. अमुक टक्क्यांच्या खाली गेलं की खुलासा, खुलासा पटला नाही की चौकशी, चौकशीच्या शेवटी वसुली. वसुली कुणावर? ज्याच्या बीटात, म्हणजे राखणीच्या हद्दीत, रोपं मेली त्या वनरक्षकावर. हे माहीत असलेला वनरक्षक रोपं मोजायला चिखलात उतरेल कशाला? काठावर उभा राहून तो ८० लिहितो. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

माझी गोष्ट सांगतो. ठिकाण आणि साल सांगत नाही. मी वनक्षेत्रपाल म्हणून एका खाडीवर रुजू झालो तेव्हा माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला आकडा ७२ होता. बीटावरच्या वनरक्षकानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, “साहेब, तिकडे काही नाही.” मी म्हटलं, “बघू.” बघितलं नाही. मार्चअखेर होती, कागद पुढे आला, सही केली. दोन वर्षांनी तपासणी आली तेव्हा मी बदलून गेलो होतो. वसुली निघाली ती त्या वनरक्षकावर. पगारातून दर महिन्याला कापून घेतले. त्याच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी होतं. त्याच्याविषयी मला नंतर कुणीतरी सहज बोलताना सांगितलं, जणू हवापाण्याची गोष्ट. मला आजही सर्वांत जास्त आठवतं ते त्याचं “तिकडे काही नाही.” तो खरं बोलला होता आणि त्याला त्याची किंमत पडली. मला काही पडली नाही. माझ्या सहीनंतर त्या रेंजमध्ये मला कुणी काही सांगेनासं झालं. सगळे “हो साहेब” म्हणायचे.

तुमच्याकडचं “हो मॅडम” त्याच जातीचं आहे. तुमच्या आधी कुणीतरी ते तिथे लावून गेलंय, आणि ते मात्र शंभर टक्के जगलंय.

म्हणून पहिलं काम असं करा. सातही वनरक्षक, दोन्ही वनपाल यांना एकत्र बसवा आणि साध्या शब्दांत सांगा: मेलेली रोपं मोजून आणणाऱ्याला या कचेरीत खुलासा मागितला जाणार नाही, न मोजता आकडा आणणाऱ्याला मागितला जाईल. बोलून विश्वास बसणार नाही. बसू नये. पहिला पोरगा भीत भीत “मॅडम, माझ्याकडे अकरा टक्के” म्हणेल, तेव्हा तुमचा चेहरा सगळे बघतील. त्या दिवशी त्याच्यासमोर वहीत ११ लिहा, खाली आधी स्वतःची सही करा, मग त्याची घ्या. क्रम लक्षात ठेवा. आधी तुमची.

आता त्या २० हेक्टरचं. जुन्या आकड्याखाली सही करू नका. आणि आधीच्या साहेबांनी खोटं लिहिलं असंही कुठे लिहू नका, ते तुम्हाला माहीत नाही. टिपणी लिहायची ती अशी, की ‘पाहणीच्या दिवशी आढळलेली स्थिती’. तारीख, ओहोटीची वेळ, सोबत कोण होतं, कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन दोरीनं आखा, जागा चिठ्ठ्या टाकून निवडा, चांगली दिसणारी नव्हे. प्रत्येक चौकोनाचे अक्षांश-रेखांश आणि फोटो. मेलेल्या रोपांपुढे कारणाचा रकाना ठेवा, तो सर्वांत महत्त्वाचा. मग ही टिपणी साहाय्यक वनसंरक्षकांमार्फत विभागीय वन अधिकाऱ्यांकडे पाठवा, पोच घ्या. चार्ज घेतला तेव्हाच हे करायला हवं होतं असं कुणी म्हणेल, आणि त्याचं खरं आहे. सात महिन्यांनी केलेलं दोन वर्षांनी करण्यापेक्षा बरं. फोनवर कुणी “जुळवून घ्या” म्हणालं तर नम्रपणे लेखी मागा. लेखी सहसा येत नाही. तुमच्या गोपनीय अहवालात एखादी ओळ वाकडी पडू शकते, हे मी लपवत नाही. माझ्या अहवालात पडली नाही म्हणून मी फार सुखी झालो असंही नाही.

मोजताना एक गोष्ट वेगळी काढा. लावलेलं आणि मेलेलं रोप मागे काहीतरी ठेवतं: वाळकी काडी, आधाराचा बांबू, पिशवीचा तुकडा, निदान रांगेचा माग. एका पट्ट्यात यातलं काहीच नसेल तर हजेरीपट काढा, मजुरांपैकी दोघा-तिघांना घरी जाऊन विचारा, रोपवाटिकेतून किती पिशव्या निघाल्या ते बघा. रोपं मेली असतील तर ती निसर्गाची आणि नियोजनाची गोष्ट आहे, तिथे माणसाला पाठीशी घाला. रोपं लावलीच नसतील आणि पैसे निघाले असतील तर कुणालाही पाठीशी घालू नका, मग ते काका असोत की आधीचे साहेब.

माझा कयास विचाराल तर रोपं लावली गेली असणार आणि चुकीच्या जागी. सागवानातून आलात म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जमिनीवर आपल्याला खड्डा, खत, पाणी, कुंपण कळतं. खाडीत एकच गोष्ट आधी बघायची: या जागेवर भरतीचं पाणी महिन्यात किती वेळा आणि किती वेळ उभं राहतं. कांदळवन भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या साधारण वरच्या अर्ध्या भागात जगतं. त्याच्याखाली उतरलात की रोप बुडून मरतं. त्या उघड्या चिखलावर आजवर झाडं आली नाहीत, ती कुणी लावली नाहीत म्हणून नव्हे. पावसाळ्यात तिवराचं (ही कांदळवनातलीच एक जात) बी त्याच पाण्यावरून लाखांनी वाहत जातं. फुकटचं, दर वर्षी. ते तिथे रुजत नाही, मग आपली पिशवीतली रोपं का रुजावीत?

श्रीलंकेनं हे महागात शिकून घेतलंय. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे हजार-बाराशे हेक्टरांवर कांदळवन लावलं गेलं. पुढे संशोधकांनी २३ ठिकाणं जाऊन पाहिली, त्यांतल्या ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. एकूण क्षेत्राचा सुमारे पाचवा हिस्सा टिकला. चुका आपल्याच: जागा खालची, आणि लावायला सोपं म्हणून जिथे तिथे कांदळ ही एकच जात. कांदळाची हातभर शेंग नुसती चिखलात खोचली की लागवड झाली, फोटोही छान येतो. तुमच्या खाडीत आसपास तिवर माजलेली असेल आणि रोपवनात सगळा कांदळ असेल, तर कारणाचा रकाना अर्धा तिथेच भरला. पाण्याच्या कडेला चिपी, आत खाऱ्या उंचवट्याला तिवर, कुठे काजळा, कुठे हुरा. शेजारी काय उगवलंय ते बघून त्याचंच ऐकायचं. (पांढरी चिपी २०२० पासून राज्याचं कांदळवृक्ष आहे, पण म्हणून ती कुठेही लावायची नसते.)

उलट उदाहरण फ्लोरिडाचं. तिथे रॉबिन ल्युईस नावाच्या माणसानं आयुष्यभर एकच सांगितलं: आधी पाणी दुरुस्त करा. वेस्ट लेकला भराव काढून, जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा नीट करून दिल्या आणि झाडं आपली आपण आली. तामिळनाडूत पिचावरमला माशाच्या काट्यासारखे चर खणून भरतीचं पाणी आत नेलं, वाळून गेलेली जमीन परत हिरवी झाली. तुमच्या २० हेक्टरात कुठे एखादा जुना रस्ता, मोरी, कोळंबी तलावाचा बांध पाणी अडवून बसलाय का बघा. एका मोरीची साफसफाई हजारो रोपांचं काम करून जाते, आणि तिला फीत कापावी लागत नाही. ती अडचणच आहे म्हणा.

बाकी कारणं किरकोळ पण खरी. म्हशी तिवराचा पाला आवडीनं खातात. तुटलेली जाळी आणि प्लास्टिक कोवळ्या खोडाला लपेटतं आणि भरती त्याला ओढून उपटते. खोडावर पांढरी टोकदार कवचं चढतात, रोप त्या वजनानं आडवं होतं.

हे सगळं समजलं की २६ जुलैचं उत्तर तुमच्याजवळच आहे. ५००० रोपं त्या चिखलात गेली तर पुढल्या वर्षी आणखी एका रकान्यात ८० लिहावं लागेल. आणि तो चिखल रिकामा नाही. तिथे पाखरं चरतात, निवट्या (चिखलातले मासे) असतात, गावच्या बायका तिथूनच खुबे-शिवल्या काढून संध्याकाळचं कालवण करतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ मध्ये ती खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, त्यात उघड्या चिखलाचा वाटा मोठा आहे. रोहित (फ्लेमिंगो) झाडांवर चरत नाहीत.

साहेबांना ‘नको’ म्हणू नका. ‘नको’ वरच्या माणसाला ऐकू येत नाही. त्याऐवजी दुसरा कार्यक्रम तयार करून न्या. पावसाळ्यात शेंगा-बिया गळतातच. पाहुण्यांच्या हातून रोपवाटिकेत पिशव्या भरून घ्या, कांदळाच्या शेंगा लावून घ्या. मंडप, बॅनर, फोटो सगळं होतं, आणि कपडे खराब होत नाहीत हा मुद्दा जरूर सांगा, तो चालतो. शाळेची पोरं असतील तर झाडांत अडकलेलं प्लास्टिक काढायला लावा, पण ओहोटी बघून.

आता काका. त्यांची बदली मागायचं तुमच्या मनात असेल तर आत्ता थांबा. त्यांना निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. या वयात वनपालाला चौकशी म्हणजे काय असतं ते तुम्हाला ३१ व्या वर्षी नाही कळणार: ग्रॅच्युइटी अडकते, पेन्शन लांबते, घरातल्यांसमोर मान खाली जाते. तो ८० टक्के आकडा त्यांच्या पेन्शनचा बांध आहे. तुम्ही तिकडे बोट दाखवलंत की ते “हो मॅडम” म्हणणारच. त्यांना कचेरीत बोलावून विचारू नका. त्यांच्याबरोबर होडीत बसा. “काका, ही खाडी मला दाखवा, मला काही कळत नाही” हे वाक्य तुमच्या तोंडून खरंच आलं पाहिजे, कारण ते खरं आहे. कुठला बांध कुठल्या साली फुटला, कुठल्या वळणावर रात्री डंपर येतात, कुठला सर्व्हे नंबर कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ताब्यात, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि तुमच्या एकाही फायलीत नाही. परतीच्या वाटेवर सांगा की टिपणी माझ्या सहीनं जाणार आहे, जुन्या नोंदीखाली तुमचं नाव असलं तरी पाहणीला तुम्ही स्वतः आलात आणि खरं दाखवलंत असं मी लिहिणार आहे. मग बघा. कदाचित ते दुसऱ्याच दिवशी म्हणतील, “मॅडम, त्या पलीकडच्या पट्ट्याचंही जरा बघायला पाहिजे.” नाही म्हणाले तर निदान तुम्हाला कळेल की भीती आहे की आणखी काही.

“तुम्ही भरतीला गेलात” असं ते म्हणाले ना, तो टोमणा होता, पण त्यात तुमचं पुढचं काम आहे. कचेरीचं घड्याळ आणि खाडीचं घड्याळ वेगळं. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाजे आहे, पण कोळी माणूस त्यावर होडी काढतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. तुमच्या गस्तीचा तक्ता दहा ते सहा असेल तर निम्मी गस्त काठावरून चाललेली आहे, दैनंदिनीत काहीही लिहिलेलं असो. तक्ता तिथीवर लावा. पहाटे पाचला चिखलात गेलेल्या पोराला दुपारी कचेरीत बसवून ठेवू नका, घरी पाठवा. एवढ्या एका गोष्टीनं सात वनरक्षकांपैकी चार तुमचे होतील.

उरलेले तिघे पैशानं होतील. लाच म्हणत नाही मी, त्यांचेच पैसे. होडीवाल्याचं बिल किती महिन्यांचं थकलंय? मजुरी? कंत्राटी जवानांचा पगार तुमच्या हातात नाही हे मान्य, पण तो उशिरा झाला की पत्र कोण लिहितं? कोळी जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला स्वतःचं जाळं कापतो, त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्यात २०१८ च्या डिसेंबरात आली. फार चांगली योजना. पण त्याचा प्रस्ताव एखाद्या टेबलावर तीन महिने पडून राहिला तर पुढचं कासव जाळ्यातच मरतं, आणि तो कोळी तुमच्या वनरक्षकाला रस्त्यात ओळख देत नाही. दर सोमवारी सकाळी अर्धा तास फक्त अडकलेली बिलं आणि प्रस्ताव बघा. हे काम कंटाळवाणं आहे, कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि माझ्या मते टीम चालवण्याचा निम्मा भाग हाच आहे.

बाई म्हणून होडीत, चिखलात, दिवस दिवस बाहेर राहण्याच्या अडचणींबद्दल मी शहाणपण शिकवायला जात नाही. एवढंच सांगतो की तुमच्या वनरक्षकांत मुली असतील तर त्यांना विचारून गस्तीच्या वाटेवरची दोन-तीन घरं किंवा शाळा ठरवून ठेवा. त्या स्वतःहून बोलणार नाहीत.

शेतकऱ्यांवर मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. खारजमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली शेती. पावसाचं पाणी उघाडीतून (बांधातल्या दारातून) ओहोटीला बाहेर सोडायचं, भरतीला उघाडी बंद. बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही की खारं पाणी आत येतं. एक पीक गेलं, दोन गेली, मग तिवराचं बी येतं. काही वर्षांत भाताच्या खाचरात डोक्याएवढी तिवरं. सातबारा शेतकऱ्याचा, आणि झाडाला हात लावायची सोय नाही. उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ ला कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. जमीन कुणाच्या मालकीची आहे हे त्यात बघितलं जात नाही. तो निकाल झाला नसता तर तुम्हा-आम्हाला राखायला आज फारसं उरलं नसतं, हे माझं ठाम मत आहे. तरीही ज्याचा बांध सरकारी खात्यानं दुरुस्त केला नाही त्या माणसाला तुमच्या गणवेशात त्याच सरकारचा दुसरा हात दिसतो. त्याच्यावर ओरडायला तुमचा वनरक्षक गेला तर काय होणार?

तुमच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक करतात. बांधाला खांड पडल्याची बातमी सर्वांत आधी बीटावरच्या पोराला कळते. त्याला सांगा, त्याच आठवड्यात फोटो आणि जागा द्यायची. तुम्ही खारभूमी विभागाला पत्र लिहा, प्रत तहसीलदारांना, प्रत ग्रामपंचायतीला. खांड पहिल्या-दुसऱ्या वर्षी बुजली तर शेतही वाचतं आणि पुढचा खटलाही. ते खातं ऐकेल न ऐकेल, पण गावाला कळेल की वनखात्याच्या बाईनं पत्र लिहिलं होतं. जिथे झाडं आधीच उभी राहिलीत तिथे खोटी आशा दाखवू नका.

उपजीविकेच्या योजना तुम्हाला माहीत असतीलच. २०१७ पासून खेकडापालन, कालवं, निसर्ग पर्यटनाला अनुदान मिळतं, गटाला ९० टक्के आणि एकट्याला ७५. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका स्वतः होड्या वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात. त्यातल्या एखादीला तुमच्या गावच्या बायकांशी फोनवर बोलायला लावा, तुमच्या भाषणापेक्षा ते चालेल. पण ज्याची शेती गेलीय त्याला पहिल्याच भेटीत खेकड्याचे पिंजरे विकायला जाऊ नका.

आणि टीमची रात्रीची ताकद वाळकी फाटी नेणाऱ्या म्हातारीमागे घालवू नका. ती राडारोड्याच्या डंपरसाठी ठेवा. डंपर अडवल्यावर पोरं अडखळतात ती एकाच प्रश्नावर: जागा आपली का? अधिसूचित होऊन ताब्यात आलेलं वन असेल तर गुन्हा तुम्ही नोंदवता, अजून महसूलकडे असेल तर तहसीलदारांना उठवायचं. रात्री दोन वाजता हे ठरवता येत नाही. म्हणून सर्व्हे नंबरांची यादी आणि नकाशा, दोन रंगांत, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येकाच्या खिशात हवा, मागे तहसीलदार आणि पोलीस ठाण्याचा नंबर. कुणीही एकट्यानं डंपरसमोर उभं राहायचं नाही, फोटो काढायचा आणि फोन करायचा. तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला पाहिजे. एकदा नाही उचललात तर ती मुलं पुन्हा करणार नाहीत.

मोजणीला अमावास्येनंतरची द्वितीया धरा. पूर्ण भरती दीडच्या सुमाराला, म्हणजे सकाळी पावणेआठला पाणी पार उतरलेलं असेल आणि चिखल उघडा. साडेसहाला धक्क्यावर पोहोचा. दोरी, चार बांबू, दोन वह्या, एक पाण्याचा कॅन, आणि खांद्याच्या पिशवीत टिंचर आयोडीन. काकांना आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन करा, शिपायाकरवी निरोप नको. परत यायला साडेदहा होतील, तेवढ्यात पाणी चढायला लागतं. काकांनी “आता निघू या” म्हटलं की निघा, त्या बाबतीत त्यांचं ऐका.